ट्यून करायची तर मे महिन्यासाठी: जुन्या टर्बोवाल्यांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गाडीभोवती फिरतात: स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), कंपनीचा आकडा १५० पीएस ताकद आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क. वीसेक वर्षं झाली तरी खान्देशात ती जीव लावून सांभाळणारे आहेत, हे वाचून बरं वाटलं. लिनिया टी-जेट आणि पुंटो अबार्थवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, इंजिन वेगळं असलं तरी दुखणी सारखीच.

प्रश्न (जळगाव): दादा, २००५ची आरएस नुकतीच घेतली. पुण्याला नेऊन डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणारं यंत्र) रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवायचा विचार आहे. जाण्याआधी काय काय बदलून घेऊ?

बदलायचं नंतर, आधी तपासायचं. रोलरवर चढवल्यावर गाडी मिस मारायला लागली की अख्खा दिवस प्लग आणि कॉइल शोधण्यात जातो, वर चारशे किलोमीटर परत यायचं ते वेगळंच.

पहिलं काम हवेच्या गळतीचं. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढची नळी सोडवून टर्बोच्या तोंडाशी बूच बसवा, कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा (एक बारच्या वर जाऊ नका) आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच येतात: डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा प्रेशर वळवणारी झडप), ज्याचा आतला पडदा फाटलेला असतो, आणि इनटेक मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ काढून घेणाऱ्या नळ्या. या नळ्या तेलाच्या वाफेने आणि उष्णतेने इतक्या कडक होतात की बोटाने दाबल्या तरी तुकडा हातात येतो. मोजलेली हवा अशी वाटेत निसटली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकतच राहतो. मग काळा धूर निघतो, आणि कमी पडलेलं प्रेशर भरून काढायला टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरतो. अशा गाडीवर रिमॅप म्हणजे फुटक्या पाइपलाइनवर मोठी मोटर बसवणं.

त्यानंतर ऑइल. या इंजिनात साध्या तेलाचा गाळ होऊन संपमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातली) जाळी तुंबते, हे जुनं आणि माहितीतलं दुखणं आहे. आधीच्या मालकाने कुठलं तेल घातलं याचा पुरावा नसेल तर संप उतरवा. ज्या तेलावर क्रँकचे बेअरिंग चालतात त्याच तेलावर टर्बोही चालतो.

टायरची तारीखही बघा. बाजूला चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. डायनोवर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण आरपीएमपर्यंत रन घेताना चाकं महामार्गाच्या वरच्या वेगाने फिरतात. भेगा पडलेल्या टायरवर तो रन कोणी देऊही नये आणि घेऊही नये.

प्रश्न (भुसावळ): डायनोच्या कागदावर चाकाला १२४ आले. कंपनी १५० सांगते. गाडी थकली, की मला फसवलं?

दोन्ही नाही. कंपनीचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाचा; डायनो मोजतो चाकावरचा. गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि रोलरवर दबणारे टायर मिळून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत साधारण १२ ते १५ टक्के खातात. म्हणजे १२४ हा वीस वर्षांच्या गाडीला चांगलाच आकडा.

पण कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'करेक्शन' लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. डीआयएन पद्धत २० अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब धरून आकडा बदलते. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. शेडमध्ये ४० अंश असतील तर गुणक १.१० निघतो, म्हणजे मोजलेल्या आकड्यावर थेट दहा टक्के वाढ. टर्बो नसलेल्या इंजिनाला ते न्याय्य आहे. टर्बोच्या गाडीत ईसीयू वेस्टगेट (टर्बोचं प्रेशर आवरणारी झडप) सांभाळून पातळ हवेची बरीच भरपाई स्वतःच करतो, त्यामुळे वर आणखी दहा टक्के लावले की आकडा उगाच फुगतो. करेक्शनशिवायचा कागद मागून घ्या. रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा रन त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये घेतलेला असेल तरच तुलनेला अर्थ आहे. नाक्यावर दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करणं सोडून द्या.

प्रश्न (शिरपूर): डिसेंबरात ट्यून केली तेव्हा गाडी उडत होती. एप्रिलपासून धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर दमच नाही. फाइल उडाली का?

फाइल जागेवर आहे, हवा बदलली. टर्बो हवा दाबतो तशी ती तापते, इंटरकूलर तिला थंड करतो. पण बाहेरच ४४ अंश असतील तर तो किती करणार? या गाडीचा मूळ इंटरकूलर छोटा, बंपरच्या एका कोपऱ्यात चाकापुढे कोंबलेला आहे. आपल्याकडे त्याच्या पात्यांत धूळ बसते आणि हंगामात कापसाचे तंतूही. बंपर उतरवून मागच्या बाजूने कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा.

तापलेल्या हवेत ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटू बघतं, त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. सेन्सरने ते ऐकलं की ईसीयू इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि पिकअप जातो. हे डोळ्यांनी बघता येतं: डायग्नोस्टिक केबल लावून ब्लॉक ०२० उघडा, चारही सिलिंडरचं इग्निशन किती अंश मागे आलंय ते दिसतं. पूर्ण ॲक्सिलरेटरवर अधूनमधून दोन-तीन अंश दिसले तर चालतं. सगळ्या सिलिंडरवर सहाच्या वर टिकून राहिलं तर गाडी दामटू नका.

ट्यूनरला स्पष्ट सांगा: मला मे महिन्यातली दुपार धरून फाइल हवी. दहा पीएस कमी आले तरी चालतील. लागोपाठ तीन रन घ्यायला लावा आणि तिसऱ्यात किती पडलं ते बघा. पहिल्या थंड रनचा कागद फ्रेम करून लावण्यापुरताच. इंटरकूलरसमोर तगडा पंखा नसेल तर असा डायनो सोडून दुसरा शोधा. घरचा टेबलफॅन लावलेली ठिकाणं मी पाहिली आहेत.

प्रश्न (अमळनेर): पंपावर आता ई-२०च (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. जुन्या टर्बोला मारतं का?

नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल उलट मदतच करतं. अडचण दुसरीकडे आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणून इंजेक्टरला जास्त वेळ उघडं राहावं लागतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर भरपाई करतो. ब्लॉक ०३२ मधला आकडा अधिक दिशेला सरकलेला दिसेल. जुना फ्युएल पंप थकलेला असेल तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिश्रण सुकं पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि पिस्टन त्यातच जातात. ट्यूनरशी हवा-इंधनाचं प्रमाण १२ की १३ असं न बोलता लॅम्ब्डात (आदर्श प्रमाणाला १ धरून) बोला, कारण ई-२०चं आदर्श प्रमाण साध्या पेट्रोलसारखं १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास आहे. पूर्ण जोरावर लॅम्ब्डा ०.८० ते ०.८५ असावा. इंजिनजवळच्या रबरी पेट्रोलनळ्या नव्या घाला, आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं.

प्रश्न (चोपडा): १९० पीएसचा रिमॅप केला तर १५ वर्षांच्या पासिंगला अडचण येईल?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा रोख असा की गाडी कंपनीने दिली तशीच राहावी, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. रिमॅप करायचाच असेल तर ट्यूनरने हात लावण्याआधी मूळ फाइल वाचून पेनड्राइव्हवर तुमच्या ताब्यात घ्या. आणि मूळ क्लच जुना असेल तर त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा; वाढलेल्या टॉर्कला तो पहिला घसरतो.