भेदनवर्धक, योगवाही की प्रवेशवर्धक?

औषधांची माहितीपत्रके मराठीत आणणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, मलमात किंवा जेलमध्ये मूळ औषध त्वचेतून आत जावे म्हणून जे रासायनिक घटक घालतात, त्या ‘पेनिट्रेशन एन्हान्सर’ना मराठीत काय म्हणावे. त्यांनी स्वतः ‘भेदनवर्धक’ असा शब्द योजला होता आणि त्यांच्या परिचयातील एका वैद्यांनी ‘योगवाही’ हा आयुर्वेदातला तयार शब्द सुचवला. माझे मत ‘प्रवेशवर्धक’ या शब्दाला आहे. मात्र रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर तोही नको.

हे घटक नेमके काय करतात, ते आधी पाहिले पाहिजे. त्वचेच्या सर्वांत वर मृत पेशींचा एक थर असतो, त्याला शृंगस्तर म्हणतात. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कमी असते. पण औषधाची खरी अडवणूक तिथेच होते, कारण या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असून त्यांच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा स्निग्ध गिलावा भरलेला असतो. ओलेइक आम्लाच्या रेणूला मध्येच बाक असतो, त्यामुळे तो या गिलाव्यातल्या नेटक्या रांगांत शिरला की रांगा विस्कटतात आणि औषधाला वाट मिळते. युरियामुळे थरात पाणी धरून राहते व तो मऊ पडतो. विटा बहुधा जागच्या जागीच राहतात. काही फोडले जात नाही.

म्हणूनच ‘भेदन’ मला खटकते. सुश्रुताने सांगितलेल्या आठ शस्त्रकर्मांत ‘भेद्य’ हे एक आहे आणि पिकलेले गळू शस्त्राने फोडणे हा त्याचा नेहमीचा प्रसंग. शिवाय मळाच्या गाठी फोडून रेच घडवणाऱ्या द्रव्यांनाही वैद्यकात ‘भेदन’ म्हणतात. हा शब्द वाचून एखाद्या वैद्याच्या डोळ्यांपुढे कुटकी ही रेचक वनस्पती उभी राहिली, तर दोष त्याचा नाही. सूक्ष्म सुयांच्या पट्ट्या त्वचेला खरोखरच भोके पाडतात, तेव्हा ‘भेदन’ त्यांच्यासाठी राखून ठेवावे.

‘योगवाही’ शब्द देखणा आहे, पण तो वेगळ्या कामाचा आहे. ज्याच्याशी योग होईल त्याचे गुण घेऊन जाणारे ते योगवाही; मध हे त्याचे ठरलेले उदाहरण. ही कल्पना औषध वाहून नेणाऱ्या माध्यमाच्या, म्हणजे वाहकाच्या, जवळची आहे. प्रवेशवर्धकाचे काम मात्र औषधाला खांद्यावर घेण्याचे नसून बहुतांशी दार सैल करण्याचे आहे. ‘प्रवेशवर्धक’ हा शब्द ‘बलवर्धक’, ‘शक्तिवर्धक’ यांच्या पंक्तीत सहज बसतो आणि न सांगता कळतो. त्याचा संक्षेप करून ‘प्रवेशक’ मात्र लिहू नये, कारण तो संस्कृत नाटकात दोन अंकांच्या मधला प्रसंग असतो.

आता क्रियापदाकडे येतो, कारण माहितीपत्रकात खरे काम त्याचेच आहे. आपण बाळाच्या टाळूवर तेल ‘जिरवतो’, आणि जेवलेले अन्नही ‘जिरते’. त्वचेतील भ्राजक अग्नी अभ्यंग, लेप इत्यादींच्या द्रव्यांचे पचन करतो, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. मराठीने दोन्हींसाठी एकच क्रियापद ठेवावे, हा योग मला फार आवडतो. पण ‘जिरणे’ हा वरून पाहणाऱ्याचा शब्द आहे. तेल दिसेनासे झाले की ते जिरले. ते शृंगस्तरातच थबकले की पुढे रक्तात गेले, हे त्यातून कळत नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक नुसते हाताला लावले, तरी थोड्या वेळाने तोंडाला लसणासारखी चव येते. त्याला आपण ‘भिनणे’ म्हणू. विष भिनते, तसे गाणेही रक्तात भिनते, त्यामुळे हा शब्द अशुभच आहे असे मानण्याचे कारण नाही. तरीही निकोटिनच्या चिकटपट्टीवर ‘औषध अंगात भिनते’ असे छापले, तर रुग्ण दचकेल. तिथे ‘रक्तात पोहोचते’ हे बरे.

आपल्याकडे मिळणाऱ्या दुखऱ्या सांध्यांच्या जेलची नळी पाहा. अनेक नळ्यांवर डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के, जवसाचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के आणि मेंथॉल ५ टक्के असे छापलेले असते. लावणाऱ्याला मेंथॉलचा गारवा तेवढा जाणवतो. ते प्रवेशवर्धक म्हणूनही काम करते, हे त्याच्या गावी नसते. म्हणून भगिनींच्या मूळ वाक्यातील ‘यात भेदनवर्धक द्रव्ये अंतर्भूत आहेत’ याऐवजी डॉक्टरांसाठीच्या भागात ‘यात मेंथॉल हे प्रवेशवर्धक आहे’ असे लिहावे, आणि रुग्णासाठी ‘यातील मेंथॉलमुळे औषध त्वचेतून आत जायला मदत होते, जेल जिरेपर्यंत हलक्या हाताने लावावे’ एवढे पुरे.