टिंटिनॅब्युलेशन म्हणजे घंटानाद नव्हे

कोथरूडच्या एका ताई मुलांसाठी इंग्रजी गोष्टीचं भाषांतर करत आहेत. गोष्टीत संध्याकाळी डोंगरावरून शेळ्यांचा कळप उतरतो आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांचं ‘टिंटिनॅब्युलेशन’ दरीत भरून राहतं. त्या विचारतात, ‘एका कोशात या शब्दाला घंटानाद असा अर्थ मिळाला. पण तो लिहिला की शेळ्या देवळात शिरल्यासारख्या वाटतात. मग काय लिहू?’

ताई, तुमच्या कानाला जे खटकलं ते बरोबरच खटकलं. घंटानाद म्हटलं की एक मोठी घंटा, तिचे सावकाश पडणारे टोल आणि आरतीची वेळ डोळ्यांसमोर येते. टिंटिनॅब्युलेशनमध्ये यातलं काहीच नाही. लहान घंटा, शक्यतो पुष्कळ, आणि त्यांचा हलका, एकात एक मिसळत जाणारा आवाज, असा त्याचा अर्थ.

शब्द लॅटिनमधला आहे. ‘टिनिरे’ म्हणजे धातूसारखं वाजणं. त्यातला ‘टिन’ दोनदा आला आणि छोट्या घंटेला नाव पडलं ‘टिंटिनॅब्युलम’. आपल्या व्याकरणात किणकिण, रुणझुण यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. रोमन माणसानंही वेगळं काही केलं नाही, कानावर पडलं तसं म्हटलं. याच टिनिरेपासून आलेला एक शब्द तुम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऐकला असेल: टिनिटस, म्हणजे बाहेर आवाज नसताना कान वाजणं.

इंग्रजीत हा शब्द लोकांच्या ओळखीचा झाला तो एडगर अ‍ॅलन पो यांच्या घंटांवरच्या कवितेमुळे. पो १८४९च्या ऑक्टोबरमध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात ती छापून आली. तिचे चार भाग चार धातूंचे आहेत. बर्फावरच्या घसरगाड्यांना चांदीच्या घंटा, लग्नाला सोन्याच्या, आगीची वर्दी द्यायला पितळेच्या आणि मृत्यूच्या वेळी लोखंडाच्या. टिंटिनॅब्युलेशन येतं ते फक्त पहिल्या, चांदीच्या भागात. आगीच्या घंटांपाशी पोचल्यावर कवी ‘क्लँग’ आणि ‘क्लँगर’ हे शब्द काढतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या निवडीतच दिसतं.

उरलेलं अर्धं मराठीत आहे, आणि तिथे आपली भाषा फार श्रीमंत आहे. किणकिण, खणखण, घणघण हे शब्द ओळीनं मोठ्यानं म्हणून पाहा. बांगड्या किणकिणतात, तलवारी आणि नाणी खणखणतात, देवळातली घंटा घणघणते. शेवटचा ण तिन्हीकडे तोच, कारण आवाज घुमत राहतो तो त्या ण मध्ये. वस्तूचं वजन मात्र पहिल्या अक्षरात बसलेलं आहे: क हलका, ख त्याहून जड, घ सगळ्यांत भारी. इंग्रजीत घुमणं शेवटच्या अक्षरावरून कळतं. ‘क्लँग’ घुमत राहतं, ‘क्लँक’ जागीच थांबतं. साखळदंड ओढल्याचा आवाज क्लँक; त्याला आपण खणखण म्हणणार नाही, खडखड म्हणू.

रविवार पेठेत घंटा किंवा समई घ्यायला जाल तेव्हा हाच फरक कानांनी कळेल. जुनीजाणती माणसं भांडं टिचकी मारून, वाजवून घेतात. तडा गेला असेल तर ते ‘बद्द’ वाजतं. हा बद्द शब्द मला अतिशय आवडतो; त्यात ण नाही, घुमणं नाही, आवाज जन्मतःच मेलेला. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडते तेव्हा येते ती ठकठक. वडा-पिंपळावर बसून एका लयीत टुक-टुक करणाऱ्या छोट्या हिरव्या पक्ष्याला त्यावरूनच आपण तांबट म्हणतो, आणि इंग्रजांनीही त्याला ‘कॉपरस्मिथ’च म्हटलं. दोन्ही भाषांच्या कानांनी एकच कारागीर ओळखला.

थोडं वापराविषयी. टिंटिनॅब्युलेशन हा बोलण्यातला शब्द नाही. ग्लासवर चमचा वाजला तर इंग्रज माणूस ‘क्लिंक’ म्हणेल, किल्ल्यांच्या जुडग्याला ‘जिंगल’ किंवा ‘जँगल’ म्हणेल. हा लांबलचक शब्द तो लिहिताना, मुद्दाम, नादासाठी वापरतो. म्हणून मराठीतही नाद असलेला शब्दच हवा, अर्थ सांगणारा संस्कृत जोडशब्द नको.

रुणझुण मी बाजूला ठेवीन. ती पैंजणांची आणि भुंग्याची, तिच्यात लाडिकपणा आहे. ‘किणकिणाट’ही नको, आट लागला की आवाजाचं प्रमाण वाढतं, आणि संध्याकाळची शांतता मोडते. घुंगुरमाळ आपल्या बैलांच्या गळ्यात शोभते, पण इथे एकेका शेळीच्या गळ्यात एकेक घंटा आहे. उरते ती साधी किणकिण. शब्द लहान आहे म्हणून बिचकू नका, पुष्कळपणा वाक्यात आणा:

‘कळप डोंगर उतरू लागला, तशी एकीत दुसरी मिसळत घंटांची किणकिण साऱ्या दरीत भरून राहिली.’

मुलांना वाचून दाखवताना ‘किणकिण’वर क्षणभर रेंगाळा.