मिनिएचर बनवणं ही कला आहे, की मोठ्या वस्तूची नुसती छोटी नक्कल?

मी याला कलाच म्हणेन, कारण नुसती नक्कल करायला गेलं की ते फसतं.

मी फुटाला इंच, म्हणजे १:१२ या प्रमाणात काम करते. सहा फुटी दार सहा इंचांचं होतं, पण लाकडाच्या रेषा काही त्याबरोबर बारीक होत नाहीत. सागवान वापरलं तर ते दार न वाटता फळीचा तुकडाच वाटतो. कापडाचंही तेच. खऱ्या साडीचा तुकडा दोरीवर टाका, पुठ्ठ्यासारखा ताठ राहतो. मी जुनी मलमल पातळ फेविकॉलमध्ये भिजवते आणि टाचण्या लावून तिच्या चुण्या वाळवते. पाणी तर अजिबात ऐकत नाही. चिमुकल्या घागरीत थेंब फुगून बसतो, म्हणून तिथे रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखा घट्ट होणारा पारदर्शक द्रव. खरं दिसावं म्हणून खरी वस्तूच बदलावी लागते, आणि कुठे काय बदलायचं ते आपणच ठरवायचं. भातुकलीत ताट आणि चूल एका मापाची नसली तरी चालतात, इथे नाही चालत.

दोन वर्षांपूर्वी आजीचं कोकणातलं स्वयंपाकघर करायला घेतलं. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण कोनाडा किती उंचीवर, ते सांगता येईना. आईला व्हिडिओ कॉल केला. ती भिंतीपाशी उभी राहिली, हात उचलला आणि म्हणाली, "अगं, खांद्याशी यायचा. अंधारातसुद्धा काडेपेटी बरोब्बर हाताला लागायची." मग तिच्या खांद्याची उंची मोजून घेतली. काजळी मी भिंतभर सारखी फासली होती. तीही पुसली आणि चुलीच्या वर दाट, खिडकीकडे विरळ अशी पुन्हा लावली. इतकी वर्षं त्या खोलीत वावरूनही मी ती नीट पाहिलीच नव्हती.

अमेरिकेत १९४० च्या दशकात फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी याच प्रमाणात संशयास्पद मृत्यूंची घटनास्थळं बनवली, तीही पोलिसांना बारकाईनं बघायला शिकवण्यासाठी. त्यातल्या बाहुल्यांचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले होते!

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर महागडी हत्यारं नकोत. मोजपट्टी, कटर आणि घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू पुरे. पोळपाट घ्या. नऊ इंचांचा असेल तर पाऊण इंचाचा होईल. कापण्याआधी तो दहा मिनिटं नुसता हातात धरून बघा, कडेच्या फटीत पीठ कुठे बसलंय ते.