मामांना पहिल्यांदाच फ्लाय फिशिंगला न्यायचं आहे. जळगावकडे कुठे नेऊ, काय शिकवू?

मामा लहानपणापासून गरीने मासे धरतात असं तुम्ही लिहिलंय. मग नवख्यापेक्षा त्यांना शिकवणं अवघड जाईल, हे धरून चला. गरीवाल्याला गळाचं आणि शिशाचं वजन फेकायची सवय असते. इथे गळावर गुंडाळलेल्या पिसा-दोऱ्याला, म्हणजे फ्लायला, वजनच नाही. वजन असतं जाड लाइनला, ती फेकली की फ्लाय तिच्यामागे जाते. माझ्या काकांनी रॉड हातात घेतला आणि म्हणाले, "हाई काय शे भो, याले काही वजनच नही!"

म्हणून आधी पाणी नकोच. शेतात किंवा मैदानात फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा. नऊ फुटी, पाच-सहा नंबरचा रॉड (हा नंबर लाइनच्या वजनाचा) आणि त्याच नंबरची तरंगती लाइन पुरे. रॉड मागे नेऊन कानाच्या जरा मागे थांबवायचा, लाइन मागे सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायचा. गरीवाले थांबतच नाहीत. लाइन चाबकासारखी फाट् वाजली की समजायचं, घाई झाली. पाण्यावर असे दोन-चार फटके बसले की फ्लाय तुटून जाते. मामांनी बैल हाकले असतील तर हे त्यांना तुमच्याआधी कळेल. वीस-पंचवीस फूट सरळ पडायला लागली की निघा. लांब फेकायची हौस तुमची असते, माशाची नाही.

जागेचं म्हणाल तर वाघूर किंवा हतनूरसारखं मोठं पाणी पहिल्या दिवशी नको. वारा फार, आणि हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यावर पाहुणी बदकं उतरलेली असतात, त्यांना कशाला उठवायचं? गावाजवळचा लहान पाझर तलाव बघा, ज्याच्या काठामागे बाभळी नाहीत असा. बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. आदल्या दिवशी जाऊन विचारा. मामांना काठावरून कोणी उठवलं तर ते पुन्हा येणार नाहीत.

मासा चिलापीच (तिलापिया) धरा. रोहू-कटल्याच्या मागे लागलात तर दिवस कोरडा जाईल. चिलापी उथळ पाण्यात, काठाशी असते आणि बारीक निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी बुडणारी फ्लाय, घेते. ती आपल्याकडची नाही, १९५२ मध्ये देशात आणली गेली, त्यामुळे घरी नेऊन तळायलाही हरकत नाही. फ्लाय बुडू द्या, बोटांनी लाइन हळूहळू ओढा. चिलापी हिसका देत नाही, लाइनचं टोक नुसतं सरकतं. तिथे मामा गरीसारखा जोरात झटका मारतील आणि मासा सुटेल. रॉड न उचलता लाइनच ओढायला सांगा.

टोपी आणि गॉगल दोघांनाही हवाच. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. मामा उजव्या हाताने फेकत असतील तर वारा त्यांच्या डावीकडून येईल असं उभं करा आणि तुम्हीही डावीकडेच राहा. थंडीत नऊच्या सुमारास पोचलात तरी चालेल, मार्चनंतर मात्र उजाडताच पोचा.

तुमचा रॉड घरी ठेवा. त्यांची गरी मात्र गाडीत असू द्या, आणि संस्थेला विचारताना तिचंही विचारून ठेवा. वैतागले तर तासभर गांडूळ लावून बसतील, नाहीतर भरीत-भाकरी उघडतील.