गाठ दिसली, तरी आणखी तपासणी?

प्रश्न : बहिणीचा चेहरा गोल झालाय, पोटावर जांभळे वण, बीपी वाढलेलं. कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) आणि एसीटीएच (ते वाढवणारं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक) दोन्ही जास्त निघाले. एमआरआयमध्ये पिट्युटरीत ४ मिलिमीटरची गाठ दिसली. तरी डॉक्टर जांघेतून नळी घालायची म्हणतात. कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गाठ दिसली खरी, पण चोर तीच कशावरून? असे बारके ठिपके धडधाकट माणसांतही, दहात एकाला सापडतात. एसीटीएच कमी असतं तर दोष अ‍ॅड्रिनलचा धरून मी सरळ अ‍ॅड्रिनलचा सीटी सांगितला असता. ते जास्त आहे, म्हणजे ते बनवणारी पिट्युटरी तरी, नाहीतर फुप्फुसात वगैरे दडलेली एखादी गाठ. सहा मिलिमीटरहून लहान गाठीच्या भरवशावर मी कुणाला ऑपरेशनला पाठवत नाही.

नळीने कवटीच्या तळाशी असलेल्या दोन्ही बाजूंच्या शिरांतून आणि त्याच वेळी हातातूनही रक्त घेतात. बाटल्या बर्फात ठेवून लॅबला पळवतात, कारण एसीटीएच लवकर नासतं. तिथलं एसीटीएच हातातल्याच्या दुप्पट, किंवा एसीटीएच वाढवणाऱ्या इंजेक्शननंतर तिप्पट भरलं, तर दोष पिट्युटरीचाच. नाहीतर दडलेली गाठ शोधायला छातीचा सीटी. तपासणी मात्र जिथे ही नेहमी होते तिथेच करा. नवख्या हाताचं हे काम नव्हे.