वाचकांचे प्रश्न: घरातल्या जहाजाच्या चित्राचा काळ

प्रश्न : पणजोबांपासून आमच्याकडे एका बंदराचं चित्र आहे. दोन शिडाची जहाजं, एक आगबोट आणि मागे उंच टोकदार मनोरा. घरात सगळे त्याला मालवण म्हणतात. ते कुठलं आणि केव्हाचं? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : मालवण नव्हे. मालवण असतं तर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, म्हणजे पाण्यालगतचा लांबच लांब नागमोडी तट दिसला असता. टोकदार मनोरा बहुधा कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आहे, म्हणजे बंदर मुंबईचं. हे चर्च 1858 मध्ये उपासनेसाठी खुलं झालं, पण मनोरा 1865 मध्ये पुरा झाला. तेव्हा चित्र त्याआधीचं नाही. आता फोर्टची बाजू नीट बघा. राजाबाई टॉवर असेल तर 1878 नंतरचं, ताजचा घुमट असेल तर 1903 नंतरचं.

मग निशाणं. लाल-पांढरे आडवे पट्टे म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, आणि कंपनीचा कारभार 1858 मध्ये संपला. पट्टे आणि मनोरा एकाच चित्रात असतील, तर चित्रकाराने दोन काळ एकत्र केलेत. कोपऱ्यात युनियन जॅक असलेलं लाल निशाण 1864 पर्यंत ब्रिटिश आरमारी जहाजावरही असे. पुढे आरमाराने फक्त पांढरं ठेवलं आणि लाल व्यापारी जहाजांकडे राहिलं. आगबोटीच्या कुशीला चाकाचं गोल आवरण आहे का, तेही पाहा. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' अशीच चाकाची होती. ती 1830 मध्ये सुएझला गेली.

एक गोष्ट मात्र पक्की धरा : या खुणांवरून चित्र अमुक सालाच्या आधीचं नाही, एवढंच ठरतं. जुन्या चित्राची नक्कल पन्नास वर्षांनीही होते. म्हणून गुजरीत सराफाकडे असतं तसं दहापट भिंग घेऊन रंग तपासा. सारख्या अंतरावर ओळीत ठिपके दिसले तर ती यंत्रावरची छपाई. बारीक, वेडेवाकडे कण आणि कागदावर चौकटीचा दबलेला ठसा असेल तर तांब्याच्या पत्र्यावरून काढलेली जुनी छापप्रत. रंग रेषेबाहेर गेला असेल तर तो हाताने भरलेला.

प्रश्न : कोल्हापूर संस्थानाला बंदर होतं का?

उत्तर : होतं, मालवणच. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, नंतर पैसे घेऊन करवीरला परत केला. 1812 च्या तहात मालवण कायमचं गेलं. त्यामुळे करवीरच्या अमलातलं मालवण दाखवणारं चित्र त्याआधीच्या दृश्याचं असणार. असं चित्र सापडलं तर ते फार मोलाचं; विकण्याआधी संग्रहालयातल्या जाणकाराला जरूर दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात चित्राच्या काचेआड पांढरे ठिपके येतात.

उत्तर : बुरशी आहे. ओलं फडकं, कांदा, बटाटा, फवारा यातलं काहीही लावू नका. पाण्याने बुरशी आणखी पसरते आणि हातरंग विरघळतो. चित्र बाकीच्यांपासून वेगळं करून उन्हाबाहेर, हवेशीर जागी वाळू द्या. सुकल्यावर मऊ ब्रशने मागचीच बाजू हलक्या हाताने झटका, नाकातोंडाला मास्क बांधून. कागद काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. परत बसवताना काच आणि कागद यांत 3-4 मिलिमीटर मोकळीक ठेवणारा आम्लमुक्त पुठ्ठा घाला. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीमागून वारा खेळेल. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका.