अ‍ॅप ‘जवळजवळ’ पूर्ण झालंय, पण बाहेर पडत नाही

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेकडो फाइलींची नावं एकदम बदलणारं विंडोजसाठीचं अ‍ॅप एकट्याने बनवलंय. चार महिन्यांपासून डार्क मोड, सात थीम, नवा आयकॉन असं काही ना काही करतोच आहे, पण रिलीज करायला धीर होत नाही. हे सोडून नोकरीच्या तयारीला लागू का?

उत्तर : चार महिन्यांत काय काय केलंस ते तू सविस्तर लिहिलं आहेस. त्यात ‘अनडू’, म्हणजे केलेला बदल मागे घ्यायची सोय, कुठेच दिसली नाही. तुझं अ‍ॅप लोकांच्या फाइलींना हात लावतं, मग आयकॉनचं कौतुक कुणाला?

एक साधी चाचणी करून बघ. ‘सहल १’, ‘सहल २’, ‘सहल ३’ अशा तीन फाइली घे आणि प्रत्येकीचा आकडा एकने वाढव. पहिली फाइल ‘सहल २’ व्हायला जाते, तर त्या नावाची फाइल तिथे आधीच बसलेली. इथे अ‍ॅप अर्ध्यात थांबलं तर निदान कळतं. जुन्या फाइलीवर नवी लिहिली गेली तर कुणाचे तरी फोटो गेले. आधी सगळ्यांना तात्पुरती नावं द्यायची, मग खरी, हा सरळ उपाय. आणि प्रत्येक बदल करण्याआधी त्याची नोंद डिस्कवर लिहून ठेव, म्हणजे मध्येच वीज गेली तरी मागे फिरता येईल. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवून ठेवली असेल, तर बाकीच्यांचं काम उरकून ‘ही एक राहिली’ असं स्पष्ट सांग. विंडोजची २६० अक्षरांची जुनी पाथ-मर्यादाही (फोल्डरांसकट फाइलीच्या पूर्ण पत्त्याच्या लांबीची मर्यादा) तपास.

मग नव्याने विंडोज टाकलेल्या व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकावर) अ‍ॅप चालवून बघ. तुझ्या लॅपटॉपवर सगळ्या लायब्ररी, म्हणजे लागणारे तयार कोडचे भाग, आधीपासून आहेत, त्यामुळे तो तुला खरं सांगणारच नाही. सेटिंग्ज ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये लिहीत असशील तर साध्या युजरच्या खात्यात ते जमणार नाही; त्यांची जागा युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, ‘अ‍ॅपडेटा’त. स्क्रीन स्केलिंग (पडद्यावरच्या अक्षरा-बटणांचा आकार) १५० टक्के करून बटणं कापली जातात का बघ. माझ्या पहिल्या अ‍ॅपची खिडकी एका माणसाला दिसतच नव्हती. शेवटची जागा लक्षात ठेवायची सोय मी मोठ्या हौसेने केली होती, आणि ती जागा त्याने काढून ठेवलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर होती!

डिजिटल सही नसलेलं नवं अ‍ॅप डाउनलोड करून उघडलं की स्मार्टस्क्रीनची, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमबद्दल सावध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, निळी खिडकी बहुधा येतेच. त्याने खचू नकोस. ही सही करायला लागणाऱ्या कोड साइनिंग सर्टिफिकेटला पैसे लागतात, शिवाय १ जून २०२३ पासून त्याची खासगी की (सही करायची गुप्त किल्ली) सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. पहिल्या आवृत्तीसाठी हा खटाटोप नको. डाउनलोडच्या पानावर ही खिडकी का येते ते दोन ओळींत लिही.

राहिली नोकरी. ‘हे सोडून ते’ असा हा मामला नाहीच. मुलाखतीत ‘अ‍ॅप बनवलं’ म्हणणारे बरेच येतात. ‘सहल २’चा घोळ कसा सोडवला आणि अनोळखी माणसाने कळवलेला बग कसा शोधला, हे सांगणारा उमेदवार मला तरी जास्त पटतो. आणि तो बग कळवायला अ‍ॅप आधी कुणाच्या तरी हातात पडायला हवं.

तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरव, तोवर नवं फीचर बंद. आवृत्तीला १.० म्हणायला जीभ रेटत नसेल तर ०.९ म्हण. वेळ अपुरा पडला तर थीम काढून टाक, अनडू मात्र काढू नकोस.